फुप्फुस धुवून घेण्याआधी : ज्येष्ठांचा गंभीर न्यूमोनिया आणि सिरोंचा परिसरातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

घरातल्या आजोबांना किंवा आजीला न्यूमोनिया झाला, छातीत कफ भरला, की सिरोंचा तालुक्यात हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : वरंगलला किंवा नागपूरला नेऊन छाती धुवून घ्यावी का? कुणाच्या शेजाऱ्याची दुर्बिणीने छाती धुतली आणि तो आठवडाभरात चालत घरी आला. कुणाच्या आईची धुतली आणि तिला त्याच रात्री व्हेंटिलेटर लावावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्यामुळेच ऐकीव अनुभवावरून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

उत्तर थोडक्यात असे : न्यूमोनिया बरा होतो तो योग्य प्रतिजैविकाने, ऑक्सिजनने आणि वेळेवर दवाखाना गाठल्याने. दुर्बिणीतून छाती धुणे, म्हणजेच लव्हाज, हे जंतू ओळखण्याचे आणि काही ठरावीक वेळी अडकलेला कफ काढण्याचे साधन आहे. ते कधी फार मोलाचे ठरते, कधी त्याची गरजच नसते आणि कधी त्याने रुग्ण अधिक खालावतो. आपला रुग्ण यांतल्या कोणत्या गटात बसतो, हे डॉक्टरांना कसे विचारायचे आणि तोवर काय करायचे, ते पुढे सांगितले आहे.

लव्हाजमध्ये नेमके काय करतात?

ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे छातीची दुर्बीण, ही करंगळीपेक्षा बारीक, लवचीक नळी असते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. घसा बधिर करून, बहुधा गुंगीचे औषध देऊन, ती नाकातून किंवा तोंडातून श्वासनलिकेत नेतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये जो भाग खराब दिसतो, तिथल्या लहान नळीत तिचे टोक टेकवतात. मग साधारण १०० ते २०० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन थोडे थोडे करून आत सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. सगळे पाणी परत येत नाही. राहिलेले शरीर शोषून घेते. परत आलेले गढूळ पाणी प्रयोगशाळेत जाते.

म्हणजे धुतला जातो तो फुप्फुसाचा एक लहानसा भाग, आणि तोही मुख्यतः नमुना मिळावा म्हणून. संपूर्ण फुप्फुस लिटरच्या लिटर सलाइनने धुण्याची प्रक्रिया वेगळी आहे. ती पूर्ण भूल देऊन, पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस नावाच्या अतिशय दुर्मीळ आजारात करतात. न्यूमोनियाशी तिचा संबंध नाही.

आधी विचारा : पाणी किंवा कफ नेमका कुठे आहे?

‘फुप्फुसात पाणी झालंय’ एवढेच ऐकून निर्णय घेऊ नका. त्यामागे चार वेगळ्या स्थिती असू शकतात आणि चारींचे उपचार वेगळे आहेत.

- फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी : हे बाहेरून, बरगड्यांमधून सुई किंवा नळी घालून काढतात. ब्रॉन्कोस्कोपीने ते निघत नाही.
- हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसात साचलेले पाणी : यावर लघवी वाढवणारी औषधे, ऑक्सिजन आणि हृदयाचे उपचार लागतात. अशा रुग्णाला बाटल्यामागून बाटल्या सलाइन चढवले तर धाप वाढते.
- न्यूमोनिया : फुप्फुसाच्या वायुकोशांत जंतूंमुळे पू आणि सूज. याला प्रतिजैविक हवे.
- मोठ्या नळीत घट्ट कफ अडकणे : पाइपात बूच बसावे तसा कफ बसतो, पुढच्या भागात हवा जात नाही आणि तो भाग आकसतो. इथे दुर्बिणीने कफ ओढून काढल्यास रुग्णाला लगेच मोकळे वाटू शकते.

शेजाऱ्याला ‘धुतल्यावर’ जे तत्काळ बरे वाटले, ते बहुधा या चौथ्या प्रकारात मोडते.

लव्हाज केव्हा उपयोगी, केव्हा नाही?

डॉक्टर ते सुचवतात तेव्हा सहसा पुढीलपैकी एक कारण असते :

- प्रतिजैविक सुरू करून तीन-चार दिवस झाले तरी ताप, धाप किंवा ऑक्सिजनची गरज कमी होत नाही.
- क्षयरोगाची दाट शंका आहे, पण रुग्णाला बेडका येतच नाही किंवा बेडक्याच्या तपासणीत काही सापडले नाही.
- रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी आहे : कर्करोगाची औषधे, दीर्घकाळ स्टेरॉइड, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण. अशा वेळी बुरशी किंवा वेगळे जंतू असू शकतात.
- एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. गाठ आहे का, किंवा घास, दात, बी असे काही अडकले आहे का, ते पाहायचे असते.
- कफाने फुप्फुसाचा एखादा भाग बंद पडला आहे आणि वाफ, नेब्युलायझर, छातीचा व्यायाम, सक्शन यांनी तो उघडला नाही.

साध्या न्यूमोनियात, औषधाला प्रतिसाद मिळत असताना, लव्हाजची गरज नसते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णालाही ते प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. कॅनडा आणि अमेरिकेतल्या २८ अतिदक्षता विभागांत ७४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनियाची शंका आलेल्या या रुग्णांपैकी काहींचा नमुना लव्हाजने घेतला, काहींचा श्वासनळीतून साध्या सक्शनने. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, सुमारे १९ टक्के होते. म्हणून ‘आधी साध्या सक्शनचा नमुना पाठवता येईल का?’ हा प्रश्न तुम्ही निःसंकोच विचारू शकता.

पहिले काही तास : सिरोंच्यातच करायच्या गोष्टी

वयस्कर माणसाचा न्यूमोनिया अनेकदा ताप-खोकल्याशिवाय येतो. कालपर्यंत अंगणात फिरणारी आजी आज उठत नाही, असंबद्ध बोलते, पडते, जेवण टाकते, दिवसभर झोपून राहते, एवढेच दिसते. ‘वयामुळे झालं असेल’ म्हणून दोन दिवस थांबू नका.

१. श्वास मोजा. रुग्ण शांत असताना पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास म्हणजे गंभीर आजार.

२. ऑक्सिजनची पातळी पाहा. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात पल्स ऑक्सिमीटर मिळू शकेल. बोट कोमट करा, नखावरचा रंग काढा, मिनिटभर थांबून आकडा वाचा. ९४ पेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ९० पेक्षा कमी असेल तर ताबडतोब १०८. चुलीच्या धुराने किंवा बिडीने जुना दमा जडलेल्यांची पातळी एरवीच कमी असते. त्यांना डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात, तेव्हा स्वतःहून ऑक्सिजन वाढवू नका.

३. धोक्याची खूण ओळखा. वय ६५ किंवा अधिक असणे ही स्वतःच एक जोखीम आहे. त्यात नवा गोंधळ, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास किंवा रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली, यांतले एक जरी दिसले तरी घरी ठेवण्याचा विचार सोडा.

४. ग्रामीण रुग्णालयात लगेच न्या. अंकिसा, झिंगानूरकडच्या गावांतून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे की थेट सिरोंचा, हे १०८ च्या डॉक्टरांना फोनवर विचारा. गावातल्या आरएमपीकडे (पदवी नसलेल्या डॉक्टरकडे) इंजेक्शन-सलाइन घेण्यात पहिले दोन दिवस जाऊ देऊ नका. पुजाऱ्याला बोलवायचे असेल तर दवाखान्यात नेल्यावरही बोलावता येते.

५. तीन तपासण्या आठवणीने विचारा. आपल्या भागात तापासोबत धाप आली की मलेरियाची रक्ततपासणी व्हायलाच हवी. बेडका येत असेल तर क्षयरोगाच्या तपासणीसाठी दोन नमुने द्या, त्यांतला एक सकाळी उठल्याउठल्याचा. रुग्ण नुकताच जंगलात, शेतात, तेंदूपत्त्यासाठी किंवा मोहफुलासाठी गेला असेल तर तेही सांगा. बारीक चिगरांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस न्यूमोनियासारखाच दिसू शकतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. काखेत, जांघेत, कमरेजवळ काळी खपली आहे का, पाहून ठेवा.

६. पहिला डोस इथेच. पुढे रेफर करणार असतील तर नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, प्रतिजैविकाचा पहिला डोस इथेच देता का? आणि दिलेल्या औषधाचे नाव व वेळ चिठ्ठीवर लिहाल का?’ पुढच्या दवाखान्यात दुर्बीण आहे म्हणून औषध तोवर रोखून धरू नये. औषधानंतर नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता थोडी कमी होते हे खरे. पण गंभीर रुग्णात औषधाला उशीर करणे त्याहून महाग पडते.

सिकलसेलचा आजार घरात असेल तर तो पहिल्याच वाक्यात सांगा. या रुग्णांच्या छातीतील आजाराचे उपचार वेगळे असतात.

कुठे न्यायचे : आलापल्लीच्या रस्त्याने की गोदावरीपलीकडे?

ब्रॉन्कोस्कोपी ग्रामीण रुग्णालयात होत नाही. त्यासाठी छातीविकार विभाग आणि शक्यतो अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय लागते. तुमच्यापुढचे पर्याय असे :

- अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय : आलापल्लीच्या रस्त्याने जाताना रुग्णाला मध्ये स्थिर करण्यासाठी.
- गडचिरोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय : दोन्ही २०० किलोमीटरहून लांब. ऑक्सिजन, एक्स-रे, तज्ज्ञ यांसाठी बहुतेक रुग्णांना इथपर्यंत जाणे पुरते.
- नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल) आणि एम्स : गुंतागुंतीच्या रुग्णासाठी, ब्रॉन्कोस्कोपी इथे होते. पण प्रवास फार लांबचा.
- तेलंगण : गोदावरीवरचा पूल झाल्यापासून काळेश्वरम-भूपालपल्लीमार्गे वरंगल हे गडचिरोलीपेक्षा जवळ पडते. तिथे सरकारी एमजीएम रुग्णालय आहे आणि खासगी रुग्णालयेही आहेत. प्राणहिता ओलांडून मंचेरियालकडेही जाता येते.

जुलै २०२२ च्या पुरासारख्या दिवसांत नकाशावरचे अंतर पाहून काही ठरवता येत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी दोन्ही बाजूंचे रस्ते उघडे आहेत का, हे पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात विचारा. आणि निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करायला इथल्या डॉक्टरांना सांगा. तीन प्रश्न पुरेत : ऑक्सिजनचा बेड आहे का? व्हेंटिलेटर रिकामा आहे का? ब्रॉन्कोस्कोपी करणारे डॉक्टर आज-उद्या आहेत का? यंत्र असून डॉक्टर रजेवर असले तर एवढा प्रवास वाया जातो.

रस्त्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब

हा हिशेब चुकल्यास रुग्ण वाटेतच गमावण्याची वेळ येते, म्हणून तो नीट समजून घ्या. रुग्णवाहिकेतला मध्यम आकाराचा, बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरला की त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि दाबमापकाचा काटा १५० च्या आसपास असतो. काट्यावरच्या आकड्याला १० ने गुणले की उरलेले लिटर कळतात. त्याला मिनिटाला लागणाऱ्या लिटरने भागा, म्हणजे मिनिटे मिळतात.

- काटा १५०, गरज मिनिटाला ५ लिटर : ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास.
- काटा १५०, गरज १० लिटर : अडीच तास.
- काटा १००, गरज १० लिटर : १०० मिनिटे.

आलेल्या मिनिटांतून अर्धा तास राखीव सोडा. सिरोंच्याहून गडचिरोलीच्या वाटेवर १० लिटरवरच्या रुग्णाला एक सिलिंडर पुरणार नाही. दुसरा सिलिंडर आहे का, मोठा आहे का, अहेरीत बदलता येईल का, हे गाडी हलण्याआधी चालकाला आणि डॉक्टरांना विचारा. रुग्णाला आडवे झोपवू नका. पाठ टेकवून अर्धवट बसवा. धाप असताना वाटेत खायला-प्यायला देऊ नका.

लव्हाज सुचवले तर सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. चांगले डॉक्टर उत्तर द्यायला मागेपुढे पाहत नाहीत.

१. हे जंतू शोधण्यासाठी आहे की अडकलेला कफ काढण्यासाठी?
२. रिपोर्ट आल्यावर उपचारात काय बदलू शकते? काहीच बदलणार नसेल तर ते आत्ता हवे का?
३. बेडका, रक्ताचे कल्चर, सक्शनचा नमुना पाठवला आहे का? खारट वाफ देऊन बेडका काढता येईल का?
४. आत्ता मिनिटाला किती ऑक्सिजन लागतो आहे? प्रक्रियेत पातळी घसरली तर व्हेंटिलेटर तयार आहे का?
५. नमुना कुठे तपासणार आणि किती वेळात पोहोचवणार? (तो तासाभरात प्रयोगशाळेत जाणे चांगले.)
६. एकूण खर्च किती, तपासण्यांचे पैसे वेगळे का? योजनेत बसते का?

धोके कोणते?

बहुतेकांना घसा दुखणे, खोकला आणि त्या संध्याकाळी ताप एवढाच त्रास होतो. हा ताप सहसा एका दिवसात उतरतो. पण लव्हाज करताना ऑक्सिजनची पातळी घसरतेच. आधीच भरपूर ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णात ती पुन्हा वर यायला वेळ लागतो आणि काहींना व्हेंटिलेटर लावावा लागतो. दम्याच्या रुग्णाच्या नळ्या आकसू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, थोडे रक्त येऊ शकते. गेल्या चार आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर लव्हाज शक्य तेवढे पुढे ढकलतात.

आधी, त्या वेळी आणि नंतर

- आधी : जेवणानंतर किमान चार तास आणि पाण्यानंतर दोन तास पोट रिकामे हवे, काही रुग्णालये सहा तास सांगतात, ते पाळा. कवळी काढा, हलणारा दात दाखवा. तोंडातला खर्रा, तंबाखू काढून चूळ भरा.
- औषधे : रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे रिकाम्या पाकिटांसकट दाखवा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- त्या वेळी : रुग्णाला तेलुगू किंवा माडियाच समजत असेल तर तसे सांगा आणि गुंगी येईपर्यंत घरचे कुणी जवळ राहू शकते का, विचारा. ‘बोलता येणार नाही, पण श्वास घेता येईल, त्रास झाला तर हात वर करा’ एवढे त्यांच्या भाषेत सांगितले तरी घाबरणे कमी होते.
- नंतर : घसा बधिर असेपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा घोटही नाही. आधी चमचाभर पाणी देऊन ठसका लागत नाही ना, ते पाहा. धाप वाढली, ओठ निळे पडले, बेडक्यात भरपूर रक्त आले किंवा छातीत जोराने दुखले तर लगेच परिचारिकेला बोलवा.

रिपोर्ट केव्हा आणि कसा वाचायचा?

रंग देऊन केलेली सूक्ष्मदर्शकाची तपासणी त्याच दिवशी मिळू शकते. क्षयरोगाची सीबीनॅट तपासणी यंत्रावर सुमारे दोन तासांची असते. साध्या जंतूंच्या कल्चरला दोन-तीन दिवस, बुरशीच्या कल्चरला काही आठवडे आणि क्षयरोगाच्या द्रव कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. रुग्ण घरी आल्यानंतर येणाऱ्या रिपोर्टसाठी कुणाचा नंबर, कुणाचे नाव, हे सुटी घेतानाच लिहून घ्या. अहवालात जंतूचे नाव आले म्हणजे तोच आजाराचे कारण, असे दरवेळी नसते. तोंडातले जंतूही नमुन्यात येतात. तो अहवाल घेऊन स्वतःच औषधाच्या दुकानात जाऊ नका.

नेहमी होणाऱ्या चुका

- एक्स-रेतला डाग पाहून घाबरणे. वयस्कर माणसाचा ताप आणि धाप गेली तरी डाग पूर्ण जायला दोन-तीन महिने लागू शकतात. रुग्ण सुधारत असेल तर केवळ डागासाठी लव्हाज नको. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. बिडी ओढणाऱ्यांनी तर तो टाळूच नये.
- दवाखाने बदलत राहणे. प्रत्येक ठिकाणी औषध बदलते आणि कोणतेच पुरे होत नाही.
- जुने कागद घरी ठेवणे. आधीचे एक्स-रे पाहिले की डाग नवा की जुना ते कळते. क्षयरोगाचे औषध पूर्वी घेतले असेल तर ते कार्ड न्या.
- खोकला दाबणारे औषध देणे. कफ भरलेला असताना त्याने कफ आतच राहतो.

पैसे आणि योजना

- सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. क्षयरोगाची तपासणी आणि औषधेही मोफत मिळतात, आणि उपचारकाळात पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, पॅनेलवरच्या रुग्णालयांत. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाखल झाल्याबरोबर ‘आरोग्यमित्र’ गाठा, बिल झाल्यावर नव्हे. मदतीसाठी १५५३८८.
- वय ७० पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरेसे.
- तेलंगणात जाताना : फुले योजनेवर तिथे भिस्त ठेवू नका. केंद्राच्या आयुष्मान योजनेतील लाभार्थ्याला पॅनेलवरच्या परराज्यातील रुग्णालयातही उपचार मिळू शकतात. तुमचे नाव केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, आणि वरंगल-मंचेरियालचे कोणते रुग्णालय पॅनेलवर आहे, हे १४५५५ वर विचारून मगच निघा.

तुमचे हक्क

- तातडीचे उपचार : सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. परराज्यातला रुग्ण, कागद नाहीत, अनामत भरली नाही, ही कारणे प्रथमोपचार नाकारायला चालत नाहीत.
- समजून दिलेली संमती : रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती त्याची. काय करणार, धोका काय, पर्याय काय, हे त्याला कळणाऱ्या भाषेत सांगायला हवे. कोऱ्या किंवा न समजलेल्या फॉर्मवर अंगठा देऊ नका. नकार दिला म्हणून बाकीचे उपचार थांबवता येत नाहीत.
- कागदपत्रे : मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी मिळायला हव्यात. तेलंगणातून परतताना सुटीचा कागद तेलुगूऐवजी इंग्रजीत मागा आणि सीटी स्कॅनची सीडी घ्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांना पुढचे उपचार करता येतील.
- दर : महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.
- व्हेंटिलेटरचा निर्णय : ‘मला यंत्रावर ठेवू नका’ अशी एखाद्या ज्येष्ठाची इच्छा असेल तर ती आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित सूचनांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. हा विषय माणूस धडधाकट असतानाच बोला. आयसीयूच्या दारात तो बोलायची कुणाचीच मनःस्थिती नसते.

घरी आणल्यावर

- दिवसातून अनेकदा उठवून बसवा, धरून चालवा. दीर्घ श्वास, मग खोकून कफ बाहेर. हे दर दोन तासांनी.
- आंबील, भात, पाणी नेहमी बसवूनच द्या आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवा. अर्धांगवायू झालेल्यांना झोपवून भरवले की घास श्वासनलिकेत जातो आणि पुन्हा न्यूमोनिया होतो.
- दोन वेळा दात, जीभ, कवळी स्वच्छ करा. तोंडातली घाण फुप्फुसात उतरते.
- बिडी आणि खर्रा बंद. चुलीजवळची खाट हलवा.
- दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकसची लस घ्या. बहुधा ती विकत घ्यावी लागते, पण आयसीयूच्या एका दिवसापेक्षा ती स्वस्त पडते.

आजच करून ठेवायच्या चार गोष्टी

१. घरातल्या ज्येष्ठांचे आयुष्मान आणि वय वंदना कार्ड काढा. नाव, वय आधारशी जुळते का, तपासा.
२. चालू औषधे, जुने आजार, सिकलसेल, क्षयरोगाचा इतिहास एका कागदावर लिहा आणि तो एक्स-रेच्या पिशवीत ठेवा.
३. १०८, १५५३८८, १४५५५ आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.
४. वस्तीतल्या चार घरांनी मिळून एक पल्स ऑक्सिमीटर घ्या आणि श्वास मोजायला घरातल्या शाळकरी मुलांनाही शिकवा.

लव्हाजचा सल्ला मिळाला तर घाबरू नका आणि नाही मिळाला तर काही राहून गेले असेही समजू नका. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या हाती ते एक चांगले साधन आहे. त्याआधीचे काम मात्र तुमच्या हातात आहे : बदल ओळखणे, श्वास मोजणे, त्याच दिवशी दवाखाना गाठणे, पहिला डोस आणि पुरेसा ऑक्सिजन घेऊन निघणे. ते वेळेत झाले तर दुर्बिणीची वेळ अनेकांवर येणारच नाही, आणि ज्यांच्यावर येईल ते ती सोसण्याइतके सावरलेले असतील.